जुनी पोलो घ्यावी की नवी देशी गाडी? गोव्यातल्या रोजच्या वापरासाठी मत हवंय

फोंडेकर
मंडळी, रोज फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जातो, बोरीच्या पुलावरून. आजवर बाईक होती. गेल्या पावसाळ्यात दोन महिने ओल्या बुटांनी मशीनपाशी उभा राहिलो, आता पुरे झालं. मडगावला २०२१ ची फोक्सवॅगन पोलो बघितलीय. एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल इंजिन), मॅन्युअल, ४२ हजार किलोमीटर, मालक सहा लाख म्हणतो. त्यात थोडे घातले तर नवी छोटी देशी गाडी येते. आईच्या गुडघ्यांचं दुखणं आहे, तिला महिन्यातून दोनदा बांबोळीच्या इस्पितळात न्यायचं असतं. पोलोत बसून बघितलं आणि मन तिथंच अडकलं. पण मन अडकलं म्हणून सहा लाख घालायचे का, हे तुम्ही सांगा.

सत्तरीकर
घाला. मी हीच गाडी तीन वर्षं चालवतोय. बेळगावला जाताना चोर्ला घाटात पुढे ट्रक असला की फरक कळतो. ११० पीएसचं इंजिन आहे, पण खरी गंमत १७५ एनएमच्या टॉर्कची, म्हणजे ओढण्याच्या ताकदीची. तो १७५० आरपीएमपासूनच हाताशी असतो. तिसऱ्या गिअरात ठेवा, जागा मिळाली की गाडी सरळ निघते, इंजिनाला ओरडावं लागत नाही. बोरीच्या पुलावरच्या गाड्यांच्या रांगेतही सारखा गिअर बदलावा लागणार नाही. वळणावर स्टिअरिंग हातात भरल्यासारखं वाटतं. दार लावल्याचा आवाज ऐका एकदा. हलकी गाडी आणि घट्ट गाडी यातला फरक मला पहिल्या पावसात कळला. पाणी साचलेल्या रस्त्यावर ती डगमगत नाही.

म्हापसेकर वहिनी
भाऊ, दाराच्या आवाजाने आईचे गुडघे वाकत नाहीत. पोलोची मागची सीट अरुंद आहे. पुढचा माणूस उंच असला तर मागच्याचे गुडघे पाठीला टेकतात. आमच्याकडे आधी एक परदेशी बनावटीची गाडी होती, कंपनीचं नाव घेत नाही. आरशाचं काच-कव्हर फुटलं तर पार्टसाठी तीन आठवडे थांबलो. शेवटी कोल्हापूरहून मागवला. पोलोसारख्या बंद झालेल्या मॉडेलच्या बाबतीत हा विचार करायलाच हवा.

मजबुतीचंही ऐकून घ्या. पोलोच्या चार ताऱ्यांचं कौतुक होतं ते ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०१४ च्या धडक-चाचणीचं. त्यातही एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे होते, दोन एअरबॅगवालीला चार. आता नियम कडक झालेत आणि त्या कडक नियमांत २०२४ मध्ये नव्या डिझायरने पाच तारे घेतले. सहा एअरबॅग खालच्या मॉडेलपासून. 'देशी म्हणजे पत्रा' हे दिवस गेले.

सत्तरीकर
वहिनी, डिझायरचं मान्य, मुद्दा बरोबर आहे. पण ती वरच्या मॉडेलला ऑन-रोड त्यांच्या पैशात बसत नाही. त्यांची तुलना जुन्या पोलोची आणि सहा-सात लाखांच्या नव्या गाडीची आहे. त्या नव्या गाडीचं नाव घेऊन तारे सांगा, मग बोलू.

म्हापसेकर वहिनी
खालचं मॉडेल घ्यावं. माझ्या लेकीला मी तेच घेऊन दिलं असतं.

डिचोलीकर
मी बारा वर्षं गॅरेज चालवतो. दोघंही बरोबर बोलताय, पण मडगावची ती गाडी कोणी बघितली का? गाडी कुठं उभी राहायची ते आधी विचारा. कोलव्याच्या, बाणावलीच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे काढलेली गाडी वरून चकाचक असते. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असला तरी खालचे बोल्ट, ब्रेकचे पाइप, सायलेन्सरचे जोड मीठ खातात. लिफ्टवर चढवा, टॉर्च घ्या आणि बोट फिरवा. गंजाची पापडी निघाली तर सोडून द्या.

मॅन्युअल आहे ते चांगलं झालं. जुन्या १.२ टीएसआयला जो ७ गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) होता, त्याने रांगेत तापून बऱ्याच जणांना खर्चात घातलं. तुमच्यात ते नाही. टायमिंग बेल्ट तपासल्याची नोंद सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आहे का ते बघा.

आणि इ-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्या पेट्रोलसाठी बनलेल्या, ही त्याआधीची. लगेच बिघडेल असं नाही, पण रबरी पाइप, सील दरवर्षी बघत राहा. पेट्रोल इथे महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, तेवढं समाधान.

चोडणकर
फेरीबोटीवर चढवणार असाल तर सांगतो. भरती-ओहोटीप्रमाणे रॅम्पचा उतार बदलतो. ओहोटीला पोलोचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, घासतो. तिरकी घ्यायची, अगदी हळू. माझी नवी छोटी गाडीही घासते, पण कमी.

फोंडेकर
फेरी मला लागत नाही. दोन गोष्टी कालच केल्या. आईला घेऊन मडगावला गेलो. मागे बसताना तिने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि बाहेर यायला माझा खांदा लागला. पुढच्या सीटवर मात्र आपली आपण बसली, 'इथं बरं' म्हणाली. ती तशीही पुढेच बसते, मागं कोण नसतंच.

मग डिचोलीकर दादांचं ऐकून लिफ्टवर चढवली. मालक कोलव्याचा निघाला. मागच्या ब्रेकच्या पाइपावर बोट फिरवलं तर तांबडी पापडी हातात आली, एक्झॉस्टचा जोड तर नखाने सोलत होता.

ती सोडली. पोलो सोडलेली नाही. बेळगावची दुसरी एक आहे, समुद्रापासून लांबची, पण कर्नाटक पासिंग. सत्तरीकर, तुम्ही चोर्ल्याने जाताच, येत्या रविवारी माझ्याबरोबर येऊन बघाल का?

सत्तरीकर
येतो. पण आधी आरटीओत विचारून ठेवा, एनओसी (ना-हरकत दाखला) आणून इथं रजिस्टर करायला रोड टॅक्स किती पडेल. तो धरून भाव करू. रविवारी सकाळी सहाला साखळी गावात भेटा.