मदत हवी आहे: मेंदूच्या कापांतून असिटिलकोलीन (चेतापेशींचं निरोप्या रसायन) मिळत नाही, नुसतं कोलीन येतं

प्रश्न
रॅटच्या स्ट्रायटमचे (मेंदूच्या आतला एक भाग) ३०० मायक्रॉनचे काप, ५० मिलिमोलर पोटॅशियमचं उत्तेजन, बाहेर आलेल्या द्रवाचं एचपीएलसी (रसायनं वेगळी करून मोजणारी पद्धत). कोलीनचं शिखर प्रचंड, असिटिलकोलीनच्या जागी सपाट रेषा. स्टँडर्ड टोचलं की दोन्ही शिखरं नीट दिसतात. कटिंग सोल्युशन (काप करताना वापरायचा द्रव) ११० मिलिमोलर कोलीन क्लोराइडचं, एसीएसएफमध्ये (काप ज्यात ठेवतो तो कृत्रिम मेंदूद्रव) एन्झाइम रोखणारा इनहिबिटर नाही. कुठे अडतंय?

प्रतिसाद १
यंत्र ठीक आहे. असिटिलकोलीन बाहेर पडतंय, पण नळीपर्यंत पोचत नाही. सिनॅप्समधलं (दोन चेतापेशींच्या जोडातलं) असिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम काही मिलिसेकंदांत त्याचं कोलीन आणि असिटेट करून टाकतं. एसीएसएफमध्ये २० मायक्रोमोलर फायसोस्टिग्मीन (हे एन्झाइम रोखणारा इनहिबिटर) सुरुवातीपासूनच ठेवा. ऐन उत्तेजनाच्या वेळी घालून भागत नाही, कापात मुरायला वेळ लागतो.

कोलीन क्लोराइडचं कटिंग सोल्युशन इथे नकोच. रक्तात कोलीन साधारण १० मायक्रोमोलर असतं. तुम्ही काप त्याच्या दहा हजार पटीत बुडवताय. धुतल्यावरही ते झिरपत राहतं. सुक्रोजचं वापरा. पोटॅशियम वाढवाल तेवढं सोडियम क्लोराइड कमी करा.

प्रश्नकर्ता
दोन्ही बदल केले, शिखर आलं! पण दुसऱ्या उत्तेजनाला ते निम्म्याहून कमी. साठा संपतोय का?

प्रतिसाद २
संपत असेल, कारण एस्टरेज बंद केलंत तशी कोलीनची परतफेरीही थांबली. डोपामिन हे दुसरं निरोप्या रसायन जसंच्या तसं आत ओढलं जातं, असिटिलकोलीन नाही. ते आधी तुटतं, मग त्यातलं साधारण निम्मं कोलीन सीएचटी१ हा सोडियमवर चालणारा वाहक परत घेतो. आत कोलीन असिटिलट्रान्सफरेज त्याला असिटिल-कोएमधला असिटिल गट जोडतं. हे एन्झाइम मुबलक असतं. काम अडतं ते कोलीनवाचून. एसीएसएफमध्ये १० मायक्रोमोलर कोलीन घाला.

पण त्याआधी १ मायक्रोमोलर ॲट्रोपिन (असिटिलकोलीनचे रिसेप्टर अडवणारं औषध) घालून बघाच. तुंबलेलं असिटिलकोलीन ते सोडणाऱ्या चेतातंतूंच्याच टोकांवरच्या एम४ रिसेप्टरांवर बसून पुढचा स्राव दाबतं, आणि साठा भरलेला असूनही शिखर बुटकं दिसतं. ही शक्यता बरेच जण तपासत नाहीत.

साठ्याची खात्री करायला हेमिकोलिनियम-३ (सीएचटी१ अडवणारं) आणि वेसामिकॉल (पुटिकांतली भरणी अडवणारं) वेगवेगळे लावा. पहिल्याने कोलीन आत येत नाही, म्हणून उत्तेजनानंतर कापातलं एकूण असिटिलकोलीन घटतं. वेसामिकॉलने ते बनतं, पण पुटिकांत (टोकांतल्या साठवणीच्या बारीक पिशव्यांत) भरलं जात नाही: आधीच भरलेल्या पुटिका पहिल्या उत्तेजनाला रिकाम्या होतात, पुढचा स्राव कोसळतो, कापातलं प्रमाण मात्र फारसं उतरत नाही. पुटिकांतला स्राव कॅल्शियमवर चालतो, म्हणून सोबत कॅल्शियमविरहित कंट्रोल ठेवा. तिथेही शिखर आलं, तर ते पुटिकांतलं नाही, फाटलेल्या पेशींतून गळतंय.