फोर्ट स्टिकीन १९४४: युद्धकाळातली सवलत नसती, तर गोदी वाचली असती का?

नांगरवाडी
१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन या दारूगोळा भरलेल्या जहाजाला आग लागून स्फोट झाले. तो दिवस जवळ आला की ६६ शहीद अग्निशमन जवानांवर लेख येतात. यायलाच हवेत. पण त्यांना त्या जागी उभं करणाऱ्या नियमाबद्दल कोणी लिहीत नाही.

शांततेच्या काळात स्फोटकं भरलेलं जहाज थेट धक्क्याला लागत नसे. बाहेर नांगर टाकायचा, स्फोटकांची खूण म्हणून लाल बावटा चढवायचा आणि माल पडावांत, म्हणजे लहान मालवाहू होड्यांत, उतरवायचा. युद्ध आलं आणि ही बंधनं सैल झाली. फोर्ट स्टिकीन १२ एप्रिलला मुंबईत आलं आणि व्हिक्टोरिया गोदीत १ नंबरच्या धक्क्याला लागलं. आत सुमारे १,३९५ टन स्फोटकं, त्यातली २३८ टन ‘अ’ वर्गाची, म्हणजे सगळ्यात नाजूक. बावटा नाही.

हे नवीनही नव्हतं. डिसेंबर १९१७ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला ‘माँ ब्लां’ हे दारूगोळ्याचं जहाज असंच, युद्धामुळे नियम सैल झाल्यावर, बिनबावट्याचं आत आलं आणि शहराचा मोठा भाग गेला. ब्रिटिश साम्राज्यातलंच बंदर ते. २६ वर्षांत काय शिकले? माझ्या मते दोष सवलतीचा. बाकी सगळं त्यानंतरचं.

तळघरातला_माल
सहमत नाही. बंदर बदलून दोष बदलत नाही. जहाज बिघडलं ते कराचीत.

इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं तेव्हा दारूगोळा होता, पेटीबंद स्पिटफायर विमानं होती. कराचीत रिकाम्या जागेत कापसाच्या गाठी, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, भंगार, गंधक, मासळीचं खत असं मिळेल ते कोंबलं. कप्तान नेस्मिथची कुरकुर कोणी ऐकली नाही. २ नंबरच्या होल्डमध्ये, म्हणजे मालाच्या कोठारात, खाली कापूस आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं. ही रचना शांततेतही गुन्हा आणि युद्धातही. कापूस दुसऱ्या होल्डमध्ये असता तर आग लागूनही दोन तासांत विझवण्यासारखी होती.

आणि भर बंदरात पडावांवर उतरवणं सोपं वाटतं का? पडाव लागतात, टग (जहाज ओढणाऱ्या बोटी) लागतात, मजूर रोज ने-आण करावे लागतात आणि जूनच्या आत उरकावं लागतं. पावसाळ्याच्या लाटेत पडाव जहाजाला आपटत असताना नाजूक माल उचलणं धक्क्यापेक्षा सुरक्षित नाही. बंदरात जहाजांची रांग असताना हा हिशोब करणाऱ्याला मूर्ख म्हणता येणार नाही.

नांगरवाडी
पडाव लागतात हेच तर! ‘अ’ वर्गाचा माल गोदीत आल्यावरही पडावांतच उतरवायचा होता. ते वेळेवर आले नाहीत, तोवर बाकीचा माल निघत राहिला. म्हणजे सवलत घेतली ती वेळ वाचवायला, आणि जहाज दोन दिवस दारूगोळा पोटात घेऊन शहराला खेटून उभं राहिलं. सवलत हवी तर सोबत अट हवी: पडाव तयार असल्याशिवाय फाटकातून आत नाही.

कोकणातून
इथे बिडीचा मुद्दा कसा आला नाही अजून? गोदी कामगारांच्या बिडीने आग लागली असं ऐकून आहे.

तळघरातला_माल
येणारच होता. बिडी-सिगारेट हा अंदाज होता, सिद्ध काही झालं नाही. सगळ्यात खालच्या माणसावर ढकलणं सोपं, एवढंच.

पाण्याची_रेघ
तुम्ही दोघं आग लागण्याआधीचं बोलताय. मला आग दिसल्यापासून स्फोटापर्यंतचे, दुपारी दोन ते चार, महत्त्वाचे वाटतात.

दाबून बांधलेली कापसाची गाठ आतून धुमसते. वरून पाणी मारलं तर बाहेरचा थर भिजतो, मधला निखारा तसाच. त्यात गाठी तरंगतात. २ नंबरमध्ये ९०० टनांवर पाणी ओतलं, पातळी चढली आणि जळत्या गाठी पाण्याबरोबर वर, स्फोटकांकडे सरकल्या. आगीची जागा सांगणारी खूण बाहेर होती: डाव्या बाजूला पत्र्यावरचा रंग फुगून सुटत होता. तिथे भोक पाडून थेट पाणी घालायचं म्हणून गॅस कटर मागवला, तो चाललाच नाही.

ऑर्डनन्सचे (लष्कराच्या दारूगोळा विभागाचे) कॅप्टन ओबर्स्ट म्हणाले, जहाज बुडवा. पण गोदीत तेवढं खोल पाणी नव्हतं. गोदीचे कर्नल सॅडलर म्हणाले, बाहेर काढा. इंजिन दुरुस्तीला उघडलेलं. कप्तान, गोदी, अग्निशमन, लष्कर असे चार जाणते हजर, आणि शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं नाही. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने ४ नंबरच्या होल्डचा दुसरा, त्याहून मोठा. युद्धकाळच्या नियमांत खरी उणीव ही: स्फोटकं आत आणायची परवानगी होती, पण जहाज सोडून पळा हा हुकूम कोणी द्यायचा ते कुठेच नव्हतं.

नांगरवाडी
तुमचाच पुरावा माझ्या बाजूने जातो. व्हिक्टोरियासारख्या गोदीचं फाटक भरतीच्या आसपासच उघडतं. इंजिन चालू असतं तरी टग जोडून, फाटक गाठून बाहेर पडायला भरतीची वाट बघावी लागली असती. बाहेर नांगरावर असतं तर साखळी तोडून ओढून नेलं असतं, निदान बुडवायला पाणी तरी होतं.

तळघरातला_माल
बाहेर शेजारी दुसरी जहाजं नसतात का? त्यात अनेक तेलवाहू. माणसं मेली असतीच, कमी असं म्हणा फार तर.

नांगरवाडी
कमीच म्हणतोय. मृतांचा आठशे ते तेराशे हा आकडा गोदी आणि वस्ती लागून असल्यामुळे आहे.

कोकणातून
बावट्याचं मात्र पटत नाही. बावटा असता तर शत्रूला कळलं असतं ना?

पाण्याची_रेघ
शत्रूला कळायचं राहिलं नाही. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इथे सेन्सॉरने ती मे महिन्यापर्यंत दाबली. शेजारच्या धक्क्यावरच्या खलाशांना आणि पहिल्या बंबावरच्या माणसांना बावट्याने एक गोष्ट नक्की सांगितली असती: किती लांब थांबायचं ते.

तळघरातला_माल
बावट्यापुरतं मान्य. कापसापुरतं मी हटत नाही.