गणपतीला गावी नेता येईल असा दोघांचा आर्केड जॉयस्टिक बॉक्स करायचाय, लाकूड आणि वायरिंगबद्दल सांगा

देवरुखचा_मी:
नमस्कार मंडळी, बरेच महिने डोक्यात घोळतंय, आता गणपतीला अडीच महिने राहिले म्हणून विचारूनच टाकतो. ९५-९६ च्या सुमारास आमच्याकडे स्टँडजवळ एका पत्र्याच्या गाळ्यात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, रुपयाला एक कॉइन, आणि मी आणि माझा चुलत दादा तिथे मुस्तफा खेळायचो. म्हणजे खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा, पण आमच्यात कोणी ते नाव घेतलेलं आठवत नाही, त्यातल्या एका पात्राच्या नावाने मुस्तफाच. दादा आता मस्कतला असतो, यंदा तीन वर्षांनी गणपतीला येतोय आणि मला काहीही करून आरतीनंतर त्याच्या शेजारी बसून तो गेम खऱ्या दांड्या-बटणांवर शेवटपर्यंत खेळायचाय.

माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ (छोटासा कॉम्प्युटर) आहे, त्यावर रेट्रोपाय (जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर) टाकून गेम चालू आहे, ते जमलंय. अडलंय ते बॉक्सपाशी. ऑनलाइन एक किट घेतलं, एक जॉयस्टिक, आठ बटणं आणि ती यूएसबीने जोडायचं ते झीरो डीले बोर्ड. घरात १८ एमएमचा एमडीएफ पडला होता त्यावर ट्रायल केली तर जॉयस्टिकची दांडी वर इतकीशीच येते की गोळा जवळजवळ लाकडाला टेकतो, आणि बटणं आत ढकलून खट् करून बसणारी आहेत ती अजिबात धरत नाहीत, बोटाने उचलली तरी वर येतात. माझं काय चुकतंय? आणि दोघांचा मिळून ७५ सेंटीमीटरचा एकच बॉक्स करायचा विचार होता, पण पुण्याहून एसटीने जायचंय, सोबत दोन बॅगा, मखर आणि आई. कसा करू?

रंधा_आणि_कानस:
भाऊ, चुकलं काही नाही, लाकूड जाड झालं एवढंच. ती खट् करून बसणारी बटणं पत्र्यासाठी नाहीतर ३-४ एमएमच्या अॅक्रिलिकसाठी असतात, जाड लाकडात त्यांच्या पकडी उघडायला जागाच मिळत नाही. लाकूडच वापरायचं असेल तर खालून नट फिरवून आवळायची बटणं घ्या, भोक तेच ३० एमएम. अमेरिकन पद्धतीची लांब नळीची बटणं असतात त्यांना २८ एमएमचं भोक लागतं आणि ती १८ एमएमवर पण आरामात बसतात, म्हणून बटणं हातात आल्याशिवाय होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक कापायची करवत) विकत घेऊ नका.

आता एमडीएफ. पुण्यात ठेवायचा असता तर काही बोललो नसतो. पण तुम्ही तो भाद्रपदात कोकणात नेताय, तिथे पावसाच्या हवेत एमडीएफच्या कडा फुगतात आणि स्क्रूची पकड जाते, एकदा गेली की गेली. १२ एमएमचा मरीन प्लाय घ्या, शिक्का बघून घ्या, मरीन प्लायच्या मानकाचा आयएस ७१० असायला हवा. दुकानदार वॉटरप्रूफच आहे म्हणून दुसराच हातात देतात. सुताराकडे किचनच्या कामातले तुकडे उरलेले असतात, तुम्हाला तेवढाच लागणार आहे.

जॉयस्टिकसाठी खालच्या बाजूने तिच्या प्लेटएवढा चौकोन ५-६ एमएम खोल खोदून घ्यायचा, राउटर (लाकूड खोदायचं मशीन) असलेला सुतार दहा मिनिटांत करून देईल, म्हणजे दांडी वर पुरेशी येते आणि वरून एकही स्क्रू दिसत नाही. भोकं पाडताना आधी ३ एमएमचं आरपार, मग होल सॉ वरून अर्ध्यापर्यंत आणि उरलेलं उलटं करून खालून. एकाच बाजूने दामटलं तर दुसऱ्या बाजूचे छिलके उडतात, सनमायका लावला असेल तर बघायलाच नको.

आणि ७५ चा एकच बॉक्स करू नका हो. दोन वेगळे करा, ३८ बाय २५ चे, आतली उंची साधारण ६० एमएम धरा म्हणजे लांब बटणंही मावतील. मध्ये पत्र्याच्या पेटीला असते तशी कडी दोन्हीकडे लावायची, गावी गेल्यावर जोडून एक बॉक्स. जपानी पद्धतीच्या जॉयस्टिकचा गोळा निघतो, खालून दांडीच्या खाचेत चपटा स्क्रू ड्रायव्हर धरायचा आणि वरचा गोळा उलटा फिरवायचा. गोळे काढले की बॉक्स कपड्यांमध्ये सपाट जातात. तळ चार स्क्रूवर उघडणारा ठेवा, चिकटवू नका, माझ्या पहिल्या बॉक्सचा फेविकॉलने बंद केला होता आणि एक वायर सुटल्यावर पूर्ण फोडावा लागला.

लाकूड कापायच्या आधी पुठ्ठ्यावर बटणांचे गोल कापून हात ठेवून बघा, खरंच बघा. शेजारच्या दोन बटणांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ३६ एमएम धरा, त्याहून जवळ घेतली तर रिंगा एकमेकींना घासायला लागतात. ओळ किंचित वाकडी, आपली बोटं टेबलावर जशी पडतात तशी.

देवरुखचा_मी:
दोन बॉक्सची आयडिया एकदम पटली, ते डोक्यातच आलं नव्हतं. पण मग दोन बॉक्स म्हणजे दोन यूएसबी बोर्ड ना? मित्राचं तसलंच बोर्ड आणून लावून पाहिलं तर पाय बंद-चालू केला की कधीकधी प्लेअर वन आणि टू ची अदलाबदल होते. दादा हॅना हे पात्र घेणार आणि हलणार मुस्तफा, असं नको व्हायला.

वायरिंगवाली:
ती दोन्ही बोर्डं पायला एकसारखीच दिसतात, नाव तेच, नंबर तोच, मग जे आधी सापडेल ते पहिलं. केबल नेहमी ठरलेल्या पोर्टात लावून बरंचसं जमतं पण खात्री नाही. मी तुमच्या जागी असते तर ती बोर्डं बाजूला ठेवून प्रत्येक बॉक्समध्ये एक रास्पबेरी पाय पिको (छोटं कंट्रोलर बोर्ड) टाकला असता. स्वस्त आहे, आणि त्यावर टाकायला जीपी२०४०-सीई नावाचं फुकट फर्मवेअर (बोर्डात बसणारं सॉफ्टवेअर) मिळतं. पिकोवरचं बूटसेलचं बटण दाबून धरून कॉम्प्युटरला जोडायचा, पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्यात फाइल टाकायची, झालं. बटण दाबल्यापासून सिग्नल जायला एक मिलिसेकंदसुद्धा लागत नाही. त्या दुसऱ्या बोर्डाचं नावच झीरो डीले आहे, प्रत्यक्षात डीले असतो.

अदलाबदलीचा इलाज असा, की पिकोला गेमपॅड न ठेवता कीबोर्ड मोडमध्ये ठेवायचं आणि दोन्ही बॉक्सना वेगवेगळ्या कीज द्यायच्या. मेममध्ये (आर्केड गेम चालवणारा प्रोग्राम, MAME) आधीपासून ठरलेलं आहे, पहिल्याला अॅरो कीज आणि डावा कंट्रोल, अल्ट, स्पेस. दुसऱ्याला आर, एफ, डी, जी आणि ए, एस, क्यू. कॉइनला ५ आणि ६, स्टार्टला १ आणि २. तेच द्या, मग कुठलीही केबल कुठेही लावा, दादाचा बॉक्स दादाचाच राहणार. रेट्रोपायमधल्या रेट्रोआर्च या प्रोग्राममधून चालवत असाल तर दुसऱ्या प्लेअरच्या कीज तिथे एकदा स्वतः नेमून द्याव्या लागतील.

वायरिंग घाबरण्यासारखं नाही. प्रत्येक बटणाच्या खालच्या दोन धातूच्या पायांपैकी एक पिकोच्या पिनला, दुसरा ग्राउंडला, आणि ग्राउंडची एकच वायर या बटणावरून त्या बटणावर माळेसारखी फिरवायची. जॉयस्टिकच्या पाच वायरींत चार दिशा आणि एक ग्राउंड. सोल्डरिंग येत नसेल तर पिन लावलेला पिको आणि त्याखालचं स्क्रू टर्मिनलवालं बोर्ड मिळतं, पुण्यात तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात विचारा. तिथे जाताना एक बटण खिशात घेऊन जा, कारण जपानी पद्धतीच्या बटणांचे पाय २.८ एमएमचे असतात आणि मायक्रोस्विचवाल्या अमेरिकन बटणांचे ४.८ चे, कनेक्टर चुकीचे आले तर एक तर शिरत नाहीत नाहीतर लोंबतात.

एसटीने घाटातून जाणार म्हणताय तर सगळं लावून टेस्ट केल्यावर प्रत्येक कनेक्टरवर हॉट ग्लूचा एक थेंब टाका. यूएसबी केबल बॉक्सच्या आतल्या बाजूला क्लॅम्पने धरून ठेवा, पोरं केबल ओढतातच, आणि तो झटका थेट पिकोच्या सॉकेटवर जाऊ द्यायचा नाही.

पावसातली_एसटी:
एक राहिलं सगळ्यांचं. रास्पबेरी पाय बॉक्सच्या आत घालू नका, बाहेर त्याच्या वेगळ्या केसमध्ये राहू दे, गरम होतो आणि बिघडला तर फोनवरून कोणालाही सांगून बदलता येतो. गावी लाइट जाते, चालू असताना गेली तर मेमरी कार्ड करप्ट होऊ शकतं, तेव्हा त्याच कार्डाची कॉपी करून दुसरं कार्ड पाकिटात ठेवा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर लागतात, मोबाइलचा कुठलातरी चार्जर नेऊ नका, स्क्रीनवर विजेचं चिन्ह आलं की समजायचं करंट कमी पडतोय.

टीव्ही कुठला आहे गावी? पाय ४ ला एचडीएमआयचा छोटा मायक्रो कनेक्टर असतो, ती केबल गावात मिळणार नाही, घेऊन जा आणि टीव्हीला गेम मोड असेल तर चालू करा. जुना डबा टीव्ही असेल तर फारच छान, पाय ४ च्या ऑडिओ जॅकमधूनच व्हिडिओ पण काढता येतो, पिनवर चार भाग असलेली केबल लागते आणि सेटिंगमधून आधी चालू करावं लागतं. डबा टीव्हीत चित्र लगेच उमटतं, बटण आणि ठोसा यात अंतर वाटत नाही, आणि हे गेम तसल्याच काचेसाठी काढलेले होते.

देवरुखचा_मी:
डबा टीव्ही आहे! माडीवर गोधड्यांखाली झाकून ठेवलाय, काकाला फोन केला, म्हणाला परवाच लावून बघितला, चालतोय.

पुठ्ठ्याची ट्रायल काल रात्री झाली. सहा बटणांची जागा आखली होती, पण मुस्तफाला हल्ला आणि उडी ही दोनच लागतात आणि दोन्ही एकत्र दाबली की तो गरगर फिरून चौफेर मारतो, म्हणजे ती दोन अंगठा आणि पहिल्या बोटाखाली नेमकी यायला हवीत, तसं पुठ्ठ्यावर हलवून हलवून तिसऱ्यांदा जमलं. बाकीची चार द्वंद्वाच्या गेमसाठी राहू देतो, भाचे मंडळी ते खेळतील. प्लायचा तुकडा मिळाला, शिक्का बघून घेतला. शनिवारी तापकीर गल्ली.

ताई, अजून एक, स्टार्ट आणि कॉइनची बटणं वर ठेवू की बाजूला?

वायरिंगवाली:
पुढच्या उभ्या फळीवर, २४ एमएमची छोटी. वर ठेवलीत तर भांडणात हात पडणार आणि गेम मध्येच थांबणार. त्यांची भोकं वेगळ्या मापाची, होल सॉ पण वेगळा लागेल.

देवरुखचा_मी:
फळीवरच ठेवतो मग. कॉइनचं बटण दादाच्या बॉक्सला लाल लावणार आहे, तेव्हा माझाही रुपया तोच टाकायचा.