खलनायिका म्हणून जन्मली, पण खलपणा कुठाय?

तिखटमीठ
पुनर्जन्म झालेल्या खलनायिकांचे अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) मी आवडीने बघते, म्हणून तर हा राग. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: जपानमधली एखादी साधी मुलगी मरते आणि ती खेळायची त्याच ओतोमे गेममध्ये, म्हणजे राजपुत्र पटवायच्या गेममध्ये, जन्माला येते. तेही नायिकेला छळणारी गर्विष्ठ सरदारकन्या म्हणून. शेवटी राजपुत्र ठरलेलं लग्न मोडणार, मग हद्दपारी नाहीतर मरण, हे तिला आधीच ठाऊक. आता ते टाळायचं.

कल्पना झकास. घोडं पेंड खातं पहिल्याच एपिसोडला. 'माय नेक्स्ट लाइफ अ‍ॅज अ व्हिलनेस' (२०२०, चाहत्यांच्या तोंडी हामेफुरा) घ्या. आठ वर्षांची कॅटरीना पडते, डोकं आपटतं, मागचा जन्म आठवतो, आणि जुनी कॅटरीना गायब! लाडावलेली, हट्टी पोरगी होती ना ती? तिचा माज कुठून आला होता, तिला कशाची लाज वाटली का, कशाचाही पत्ता नाही. घर तेच, भाडेकरू नवा. आणि नवा भाडेकरू पहिल्या दिवसापासून गोड, मग ती सुधारणार काय, कपाळ?

बाकीच्यांचीही तीच गत. मेरी हंटला सावत्र बहिणी छळतात. कॅटरीना तिच्या बागकामाचं कौतुक करते, तेही गेममध्ये राजपुत्र अ‍ॅलन म्हणणार असतो तेच वाक्य नकळत वापरून, आणि मेरी जन्मभराची हिची. दत्तक भाऊ कीथ एकटा पडलेला, ही त्याच्याशी खेळते, तोही हिचा. प्रत्येकाला एक जखम, त्यावर एक प्रेमळ वाक्य, की पात्र संपलं. पुढे ते फक्त हिच्याभोवती रुंजी घालणार.

कथानकाबद्दल तर बोलायलाच नको. दुसऱ्या सीझनपर्यंत (२०२१) गेम संपलेला, धोका टळलेला. मग काय, त्या गेमचा दुसरा भाग निघालाय म्हणे! म्हणजे पुन्हा नवीन संकटं, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

बारा एपिसोड
साफ असहमत. तुम्ही विनोदी मालिकेकडे गंभीर नाटकाचा हिशेब मागताय.

कॅटरीनाची तयारी आठवा. हद्दपार झाल्यावर पोट भरायला हवं म्हणून सरदाराची मुलगी वाड्यात शेती करते. जिच्याशी लग्न ठरलंय तो राजपुत्र जिओर्दो सापाला घाबरतो हे कळल्यावर संकटकाळी त्याच्या अंगावर फेकायला खोटे साप बनवून घेते, आणि ते दिवसेंदिवस जास्त खरे दिसावेत म्हणून मेहनत घेते! डोक्यात पाच कॅटरीनांची बैठक भरते आणि पाचही जणी सारख्याच माठ. तिला पटकथा पाठ आहे म्हणूनच समोरची माणसं दिसत नाहीत. सगळे तिच्या प्रेमात पडलेत आणि ही अजून जिओर्दो आपल्याला कधी हाकलतो याची वाट बघतेय. भविष्य माहीत असल्याने गोष्ट सोपी होईल असं वाटतं, इथे तर त्या माहितीनेच ती आंधळी झालीय. याला मी कमकुवत रचना म्हणणार नाही.

आणि पहिल्या सीझनचा अकरावा एपिसोड? (रहस्यभेद आहे, न पाहिलेल्यांनी पुढच्या प्रतिसादावर जा.) कॅटरीना काळ्या जादूने झोपलीय, स्वप्नात जुन्या आयुष्यात परत गेलीय, शाळा, मैत्रीण, गेम सगळं जागच्या जागी. तिला उठवायला येते ती तीच मैत्रीण, जी कॅटरीनाची आताची मैत्रीण सोफिया हिच्या रूपाने पुन्हा जन्मलीय. मेलेल्या मुलीच्या मागे राहिलेल्या माणसाचं काय झालं, हे या प्रकारात किती जण विचारतात?

तिखटमीठ
अकरावा एपिसोड मलाही आवडतो. पण दोन सीझनच्या चोवीस एपिसोडमधला एक! पुढे ते दुःख कोणी आठवतं का? सोफिया परत कादंबऱ्या वाचायला आणि भावाचं जमवायला मोकळी.

विनोदी आहे म्हणून पात्रं पोकळ चालतात हेही पटत नाही. विनोदालाच तर हाडामांसाची माणसं लागतात.

जुना गेमर
एक गंमत सांगतो. ज्या गेमची ही सगळी टिंगल चाललीय, तसा गेम शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. कोएईचा 'अँजेलिक' (१९९४, सुपर फॅमिकॉम या गेमयंत्रावरचा) हा पहिला ओतोमे गेम मानतात. त्यात रोझालिया आहे, उच्चकुलीन, तोऱ्यात वावरणारी. पण ती राणीपदाची दुसरी उमेदवार, म्हणजे प्रतिस्पर्धी, आणि तिच्याशी मैत्रीही होऊ शकते. भर मेजवानीत लग्न मोडून फासावर लटकवायची सरदारकन्या हे वेबकादंबऱ्यांनी एकमेकींचं वाचून उभं केलेलं प्रकरण आहे.

त्यामुळे लेखकाला मूळ खलनायिका रंगवावीच लागत नाही. "तुम्हाला माहितीच आहे" म्हटलं की काम भागतं. नकलेची नकल काढल्यावर चेहरा पुसट येणारच.

आळशी बोका
+१. शिवाय हे 'शोसेत्सुका नि नारो' या वेबकादंबऱ्यांच्या जपानी साइटवर प्रकरणा-प्रकरणाने येतं. आज वाचक टिकला तर उद्याचं प्रकरण. हामेफुराची मूळ वेबकथा पुस्तकाच्या पहिल्या दोन खंडांतच संपली होती, पुढचे खंड मागणी होती म्हणून. तिखटमीठ, तुमचा दुसरा सीझन तिथून आलाय, पाणी घातलेला.

उलट 'टेमिंग द फायनल बॉस'ला (२०२२) पाण्यासाठी वेळच नव्हता. पहिल्याच एपिसोडमध्ये लग्न मोडतं आणि खलनायिका आयलीन थेट दैत्यराजाला मागणी घालते. बाई भन्नाट आहे! पण पुढे बारा एपिसोडांत इतकं कोंबलंय की खलनायकाचं नाव लक्षात राहायच्या आत तो हरलेला असतो.

सायोनारा सखू
अहो, सगळ्यांनी मिळून एकाच मालिकेला किती धोपटाल? 'आय अ‍ॅम इन लव्ह विथ द व्हिलनेस' (२०२३) कोणी पाहिलंय का? त्यातली क्लेअर खरोखर उद्धट आहे. गरिबांना हीन लेखते, कारण अर्थमंत्र्याच्या घरात तेच शिकलीय. ती बदलते तेव्हा तिला काहीतरी सोडावं लागतं. अ‍ॅनिमेत सामान्य लोकांच्या चळवळीला तोंड फुटतं, क्रांतीपर्यंत मालिका जात नाही, पण त्यातल्या गेमचं नावच 'रेव्होल्यूशन' आहे, तेव्हा वारं कुठे वाहतंय हे समजतं.

तिखटमीठ
सखू, हे उदाहरण माझ्याच बाजूचं! तिथे जन्म घेऊन येते ती रे टेलर, गेमची नायिका म्हणून. क्लेअर मूळची क्लेअरच राहते. तिच्या आत कोणी परका येऊन बसला नाही म्हणून तर ती जिवंत वाटते.

सायोनारा सखू
बरं, मग राजकन्या प्राइडचं काय? 'मोस्ट हेरेटिकल लास्ट बॉस क्वीन' (२०२३). तिथे आत परकीच आहे. पण गेममधल्या प्राइडने दत्तक भावाला, स्टेलला, आज्ञापालनाच्या करारात बांधून त्याच्याच हातून त्याच्या आईला मारवलं होतं, हे तिला आठवतं. तोच करार, तोच मुलगा समोर आला की ती हादरते. मेंदू तोच, ताकद तीच, उद्या आपणच तशा झालो तर? ही भीती तिच्या प्रत्येक चांगल्या कृतीखाली आहे. गोड भाडेकरू म्हणून उडवून लावू नका.

बारा एपिसोड
सखूताई, भीती मान्य, पण तिथेही आजूबाजूचे सगळे तिच्या पायाशी लोळण घेतात. मग हामेफुराने काय घोडं मारलंय? तिथे निदान हसायला येतं.

तिखटमीठ
प्राइडला अर्धे गुण. तिला स्वतःची भीती वाटते हे खरं, पण ती भीती खरी ठरेल असा प्रसंग अ‍ॅनिमेत आणत नाहीत. एकदा तरी तिच्या हातून काहीतरी वाईट घडू द्या ना!

मला त्यापेक्षा 'सेव्हन्थ टाइम लूप' (२०२४) बरं वाटतं. तिथे गेमच नाही, रीशे मेली की तिचं तेच आयुष्य पुन्हा सुरू होतं. तिला औषधं कळतात कारण एका जन्मात ती औषधं बनवायची, व्यापार कळतो कारण एकदा व्यापारी होती, आणि ज्याने सहाव्या जन्मात तिला तलवारीने मारलं त्याच आर्नोल्डशी सातव्यात लग्न ठरतं. त्याच्यासमोर जेवायला बसली तरी ताण असतो.

आळशी बोका
आणि ती सगळ्यातच पारंगत आहे, कधी अडतच नाही, हे चालतं का तुम्हाला?

तिखटमीठ
सहा वेळा मरून शिकलीय हो ती. चालतं.