शब्दचर्चा : भेटण्याआधीची भीड, आणि भेटल्यानंतर जे उरतं ते

नमस्कार मंडळी, एक शब्द हवाय. खरं तर दोन. पुढच्या महिन्यात इथे बडोद्यात आमच्या लाइनीतल्या एका बाईंचं व्याख्यान आहे आणि त्यांचा परिचय करून द्यायचं काम माझ्याकडे आलंय, मराठीतून. ज्येष्ठ, व्यासंगी, ऋषितुल्य वगैरे शब्द दर सत्काराला वापरून इतके झिजलेत की ते वाचून दाखवायची इच्छाच होत नाही. मला त्यांच्याबद्दल आधी काय वाटायचं आणि आता काय वाटतं तेवढंच नेमकं सांगायचंय.

मी जुने कागद आणि पोथ्या दुरुस्त करते, कन्झर्वेशन म्हणतात ते. बाईही तेच करतात, पुण्याकडे. बरीच वर्षं आमची भेट सोडा, फोनवरसुद्धा बोलणं नव्हतं. पण त्यांचे रिपोर्ट मी पुन्हा पुन्हा वाचायचे. त्यातला एक जंगालावरचा होता. जंगाल म्हणजे तांब्यापासून केलेला हिरवा रंग, जुन्या चित्रांत आणि पोथ्यांच्या किनारीला सापडतो, आणि तो हळूहळू खालचा कागदच खातो, आधी कागद तपकिरी पडतो, मग ठिसूळ होतो आणि शेवटी जिथे हिरवी रेघ होती बरोब्बर तिथेच पान चिरत जातं. गेलेला भाग आपण रंगवून भरायचा नाही, उरलेल्याला आधार द्यायचा, आणि हे का, ते त्या रिपोर्टच्या एका परिच्छेदात इतकं स्वच्छ लिहिलं होतं की तो मला पाठच होता. अवघड पान समोर आलं की ब्रश उचलायच्या आधी मनात यायचं, बाईंनी इथे काय केलं असतं. कधीही न चिडणारी, टेबलावरचं एक चिटोरं इकडचं तिकडे नसलेली, सगळं माहीत असलेली अशी त्यांची एक मूर्तीच डोक्यात तयार झाली होती. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, घरीसुद्धा नाही. आणि त्या एकदा बडोद्याला एका कार्यक्रमाला आल्या, मी त्याच हॉलमध्ये होते, तरी पुढे जाऊन बोलणं झालं नाही, पायच उचलेना.

या अवस्थेला काय म्हणाल? आदर म्हटलं तर सपक वाटतं, भक्ती म्हटलं तर फार होतं. सुचवा.

प्रतिसाद :

आमच्या ऑफिसात याला सरळ प्रोफेशनल क्रश म्हणतात. सगळ्यांना कळतं, विषय संपला.

प्रतिसाद (दांडिया बाजारातून) :

ताई, बडोद्यात राहून हा प्रश्न कशाला पडावा? आपल्याकडे 'अहोभाव' आहे की. गुजराती पेपरात रोज येतो, 'तेमना प्रत्ये मने खूब अहोभाव छे'. आमच्या घरी मराठी बोलतानाही सर्रास वापरतात, 'मला त्यांच्याबद्दल अहोभाव आहे' असं. शब्द संस्कृतच आहे, आश्चर्यानं 'अहो!' निघतं त्यातला अहो. आपल्या गावानं तर १९३१ सालीच सयाजीशासनशब्दकल्पतरु काढला, एकेका इंग्रजी शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली असे प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडलेले, म्हणजे शेजारच्या भाषेतला शब्द उचलायला बडोदेकरांनी लाजायचं कारणच नाही. तो कोश राज्यकारभाराचा आहे हे मान्य, त्यात अशा मनातल्या गोष्टी मिळणार नाहीत, पण रीत तीच.

प्रतिसाद (इंदूरहून) :

आम्ही 'कायल' म्हणतो. 'मी त्यांच्या कामाची कायल आहे.' हिंदीतून आलाय, कबूल, पण इंदुरी मराठीत पक्का बसलाय. पुण्याच्या आत्याला मात्र कळत नाही, तिच्याकडे माणूस उन्हानं कायल होतो. त्यामुळे परिचयात वापरायचा तर श्रोते कुठले आहेत ते बघून वापरा. अजून एक विचारायचं होतं, यात गुरुभाव नाही का? एकलव्यानं द्रोणांचा मातीचा पुतळा समोर ठेवून विद्या शिकावी तसंच झालं की हे. मानसगुरू म्हणा.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. एकेक घेते.

क्रशबद्दल, शब्द वाईट नाही, तरुण मुलं तो किती मोकळेपणानं वापरतात ते बघून बरं वाटतं. पण क्रश असला की माणूस भेटायचे बहाणे शोधतो, मी तर टाळत होते. कॉन्फरन्सच्या यादीत त्यांचं नाव दिसलं की त्यांच्या सत्रात मागची खुर्ची धरायची आणि प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत बाहेर.

अहोभाव अर्थानं अगदी जवळचा आहे, आणि सभागृहात निम्मे लोक गुजराती बोलणारे असतील, त्यांना लगेच पोचेल. अडचण एवढीच की मराठी कानाला 'अहो' म्हणजे आधी हाक. अहोभाव ऐकून बाहेरगावचा मराठी माणूस क्षणभर थांबेल. आणि दुसरं म्हणजे अहोभावात नुसतं आश्चर्य आहे, पाय न उचलणं त्यात येत नाही.

मानसगुरू पटत नाही. एकलव्य द्रोणांकडे गेला होता आणि त्यांनी त्याला नाकारलं होतं, पुतळा त्यानंतरचा. मला कोणी नाकारलं नव्हतं. शिवाय बाई माझ्या शिक्षिका नाहीत, जे काम त्या करतात तेच मी करते, तीच खळ, तोच जपानी कागद, तीच कसर आणि वाळवी. गुरू म्हटलं की मी शिष्य होते आणि मग त्यांच्या कामाबद्दल मत द्यायचा माझा हक्कच जातो. सारखं काम करणाऱ्या माणसाला मनात उंचावर बसवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि मला वाटतं त्यात जास्त ताण असतो, कारण रोज स्वतःच्या टेबलावर त्यांच्याशी तुलना होत राहते.

प्रतिसाद :

मग तुम्हाला हवा तो शब्द आपल्याकडे कधीपासूनच आहे, 'भीड'. हिंदी-गुजरातीतली गर्दीवाली नव्हे, आपली. भीतीत समोरचा काहीतरी करेल असं वाटतं. संकोच कोणासमोरही होतो, नव्या पाहुण्यासमोरसुद्धा. भीड मात्र ठरावीक माणसाचीच वाटते, त्याच्याबद्दल मनात जागा असते म्हणून वाटते. वापर बघा : 'त्यांची भीड मोडवत नाही', 'भिडेखातर हो म्हणालो', 'कोणाचीही भीडभाड न ठेवता बोलला'. 'भीड भिकेची बहीण' या म्हणीमुळे शब्दाला उगाच खालची छटा आलीय, म्हण व्यवहारापुरती आहे, भिडेपायी नाही म्हणता न येणाऱ्या माणसाचं नुकसान होतं एवढंच ती सांगते. तुम्ही हॉलमध्ये जागच्या जागी राहिलात ती शुद्ध भीड.

प्रतिसाद :

भीड बरोबर, पण ती अर्धीच बाजू झाली. परिच्छेद पाठ असणं भिडेत येत नाही. त्याला 'भारणे'. भारलेलं पाणी, भारलेला ताईत, मंत्र घालून भारतात ते. 'भारावून गेलो' आता लोक नाटक बघून आले तरी म्हणतात म्हणून पातळ झालाय, पण 'भारलेली' अजून घट्ट आहे. 'त्यांच्या लिखाणानं मी भारलेली होते आणि त्यांची मला भीड वाटायची', असं जोडीनं म्हणा. आणि भेट झाल्यावर काय झालं ते तुम्ही लिहिलंच नाही, ते कळल्याशिवाय दुसरा शब्द कसा सुचवणार? दुरून डोंगर साजरे झालं का?

धागाकर्ती :

नाही, तसं नाही झालं, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

इथे एक वर्कशॉप होतं, शिकवायला त्या होत्या आणि त्यांच्या मदतीला मला दिलं. मी सकाळी लवकर पोचले तर त्या माझ्याआधी येऊन शेगडीवर खळ शिजवत उभ्या. गव्हाच्या स्टार्चची खळ सतत हलवावी लागते, हात थांबला की गुठळी. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "अगं, ती गाळणी दे." नाव नाही, गाव नाही, मॅडम-बिडम काही नाही, थेट अगं. दुपारी एका मुलानं ओल्या पानावर पेन ठेवलं तेव्हा त्या चांगल्या खेकसल्या. टेबलावर पसारा म्हणजे चष्मा, चहाचा कप, स्पॅच्युला, बिस्किटाचं कव्हर, सगळं एकत्र. डोक्यातली मूर्ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरती गेली होती.

मग आम्ही दोघी एक पोथी बघत बसलो. चुकलेल्या अक्षरांवर लेखकानं पिवळा हरताळ लावून वर पुन्हा लिहिलं होतं, जुन्या पोथ्यांत असतंच ते, 'हरताळ फासणे' आपण म्हणतो ते तिथूनच आलंय. त्यांनी मला टॉर्च तिरपा धरायला सांगितला, तिरप्या उजेडात हरताळाचा थर किंचित वर आलेला दिसतो. त्या म्हणाल्या, याच्यावर ओला ब्रश नको, आर्सेनिक आहे, हात धू. आणि मग विचारलं, तू अशा ठिकाणी खळ किती पातळ घेतेस? खरंच विचारलं, परीक्षा घ्यायला नाही. मी सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

तेव्हा मी बोलले. जंगालाचा रिपोर्ट, तो परिच्छेद, सगळं. त्या ऐकून म्हणाल्या, "तो परिच्छेद माझा नाही गं. तेव्हा माझ्याकडे एक असिस्टंट होती, तिनं लिहिलाय तो. मी तर ते भरायला निघाले होते, तिनं थांबवलं." आणि वर म्हणाल्या, रिपोर्टवर तिचं नाव यायला हवं होतं, आलं नाही, ते मला अजून खुपतं.

म्हणजे मी इतकी वर्षं ज्या ओळींपायी त्यांना डोक्यावर घेतलं होतं त्या त्यांच्या नव्हत्याच. आणि हे ऐकून माझा त्यांच्याबद्दलचा आदर कमी झाला नाही, वाढला. ते वाक्य त्या सहज गाळू शकल्या असत्या, मला कधीही कळलं नसतं.

आता बघा, आपल्याकडच्या म्हणी सगळ्या निराशेच्या. दुरून डोंगर साजरे. नाव मोठं लक्षण खोटं. अतिपरिचयात् अवज्ञा. हल्ली मराठीत लिहिणारे 'पाय मातीचे निघाले' म्हणतात, ते तर बायबलातलं, दानियेलाच्या पुस्तकातला सोन्याच्या डोक्याचा पुतळा. सगळीकडे जवळ गेलात की पडझड ठरलेली. दुसऱ्या टोकाला 'बोले तैसा चाले', म्हणजे होतं तसंच निघालं. माझ्या बाबतीत होतं तसं निघालं नाही आणि तरी चांगलं झालं, त्याला शब्द काय?

प्रतिसाद (दांडिया बाजारातून) :

वाचून गप्प बसलो थोडा वेळ. अहोभाव मागे घेतो, तो इथे चालणार नाही.

प्रतिसाद :

'भीड चेपली' म्हणा. पहिला शब्द भीड घेतला तर दुसरा त्याच्याच पोटातून निघतो. चेपणे म्हणजे दाबून बसवणे, भीड एकदम जात नाही, हळूहळू दबते. आदर राहतो की जातो याबद्दल त्यात काहीच नाही, ते तुम्ही पुढे सांगायचं.

प्रतिसाद (इंदूरहून) :

पण चेपली यात आगाऊपणा नाही का येत? 'पोराची भीड चेपलीय' म्हणजे पोरगं डोक्यावर बसायला लागलंय. व्यासपीठावर पाहुण्यांसमोर नको वाटतं.

प्रतिसाद :

तो अर्थ दुसऱ्याबद्दल बोलताना येतो. स्वतःबद्दल, आणि कोणी चेपली ते सांगून बोललं तर येत नाही. 'त्यांनीच माझी भीड चेपली' यात कर्त्या त्या आहेत. नवी सून घरात रुळते तेव्हा म्हणतातच की, सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझी भीड चेपली. उलट कौतुक आहे त्यात.

धागाकर्ती :

हे पटलं, कर्ता बदलला की छटा बदलते. कच्चं लिहिलंय, बघा :

'आजच्या पाहुण्यांच्या लिखाणानं मी फार वर्षं भारलेली होते आणि त्यांची मला इतकी भीड वाटायची की समोर असून बोलले नाही. त्यांनीच ती चेपली. माझ्या आवडीचा परिच्छेद आपला नाही हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं आणि तो लिहिणारीचं नाव सांगितलं. ते नाव मी त्यांच्या परवानगीनं आज इथे घेणार आहे.'

असिस्टंटबाईंनाही फोन करून विचारलंय, त्या येतायत. आता एकच अडलंय. 'आमच्या लाइनीतल्या' असं बोलताना ठीक वाटतं, पण व्यासपीठावरून? सहकारी म्हणावं तर आम्ही एका ऑफिसात नाही, समव्यवसायी म्हणावं तर कोणी म्हणत नाही.

प्रतिसाद :

लाइनीतल्याच ठेवा. बडोद्यात सगळ्यांना कळतं, गुजरात्यांनाही. आणि असिस्टंटबाईंना पुढच्या रांगेत बसवा.