स्प्लिट: अवशेष कसले, नांदती वस्ती!

क्रोएशियातल्या स्प्लिट शहराचे तुम्ही टाकलेले फोटो झकास, पण तिथल्या रोमन सम्राट डायोक्लेशनच्या राजवाड्याला तुम्ही ‘अवशेष’ म्हटलंय ते पटलं नाही. इ.स. ३०५ च्या सुमारास बांधलेल्या त्या तटबंदीत आजही लोक राहतात, गल्लीत दोरीवर कपडे वाळतात. दगड समोरच्या ब्राच बेटावरचा, पांढराशुभ्र चुनखडक. पूर्वी समुद्र थेट दक्षिणेच्या भिंतीला भिडायचा. आता मध्ये रिवा, म्हणजे किनाऱ्यालगतचा फिरायचा रस्ता, आहे.

खरी गंमत तळघरांची. वर राहणाऱ्यांनी शतकानुशतकं कचरा खाली ढकलला, तळघरं गच्च भरली आणि म्हणूनच शाबूत राहिली! वरचे महाल गेले, पण त्यांचा आराखडा तळघरांवरून कळतो.

आणि हो, ख्रिश्चनांचा छळ करणाऱ्या या सम्राटाची समाधीच आज कॅथेड्रल आहे. शहरालगतची मार्यान टेकडी चढलात का? जेमतेम १७८ मीटर.