हवामानबदलाला माणूस कितपत जबाबदार?

प्रश्न:
पृथ्वीवर हिमयुगे आली आणि गेली, तेव्हा ना कारखाने होते ना मोटारी. मग आजच्या तापमानवाढीचे खापर माणसाच्याच माथी का फोडले जाते? सूर्य आणि ज्वालामुखी ही कारणे पुरेशी का मानली जात नाहीत, हे मला मनापासून समजून घ्यायचे आहे.

प्रतिसाद १:
हिमयुगांचे येणे-जाणे मुख्यतः पृथ्वीच्या कक्षेत आणि अक्षाच्या कलात होणाऱ्या बदलांशी जोडलेले आहे, आणि हे बदल हजारो वर्षांच्या संथ गतीने होतात; आज मात्र दीडशे वर्षांतच सरासरी तापमान एक अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. सूर्याची ऊर्जा १९७८पासून उपग्रहांद्वारे मोजली जात असून तीत वाढीचा कल आढळलेला नाही. सूर्यच कारण असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापत असताना त्यावरचे स्थितांबर थंड होत आहे. ज्वालामुखींतून वर्षाकाठी बाहेर पडणारा, उष्णता अडवून धरणारा कार्बन डायऑक्साइड तर माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही.

प्रतिसाद २:
माझ्या मते सर्वांत बोलका पुरावा खुद्द हवेतच आहे. अंटार्क्टिकातील खोल बर्फाचा तुकडा पाण्यात टाकला की तो तडतडतो, कारण त्यात कोंडलेले प्राचीन हवेचे बुडबुडे फुटतात. अशाच बुडबुड्यांतून कळते की, उद्योगयुगापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८मध्ये मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास होते. आता ४२०च्या पुढे गेले आहेत. ही भर कोठून आली, तेही ओळखता येते. कार्बन-१४ हा कार्बनचा काळाबरोबर नष्ट होत जाणारा किरणोत्सारी प्रकार. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरलेला नसतो, त्यामुळे त्यांचा धूर मिसळला की हवेतील त्याचे प्रमाण घटते. ही घट झाडांच्या जुन्या वलयांत मोजली गेली आहे.

प्रतिसाद ३:
वरील विज्ञान मला पूर्ण मान्य आहे. आक्षेप आहे तो ‘माणूस’ या शब्दाला. चुलीत काटक्या घालणारी बाई आणि वारंवार विमानाने फिरणारा गृहस्थ यांना एकाच तागडीत कसे तोलायचे? १९९२च्या हवामान करारातही जबाबदारी सामायिक, पण भिन्न मानली आहे. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शतकानुशतके वातावरणात टिकतो, म्हणून आधी उद्योग उभारून श्रीमंत झालेल्या देशांचा जुना धूर हिशेबातून वगळता येणार नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचा आभारी आहे. स्थितांबराचा मुद्दा मला ठाऊकच नव्हता आणि सूर्याविषयीचा माझा आग्रह मी मागे घेतो. मात्र तिसऱ्या प्रतिसादाबाबत एक शंका उरते: एका देशात तयार होऊन दुसऱ्या देशात वापरल्या जाणाऱ्या वस्तूचे उत्सर्जन कोणाच्या खात्यावर मांडायचे?

प्रतिसाद ३:
प्रचलित राष्ट्रीय गणनेत ते उत्पादक देशाच्या नावे पडते. मला हे अन्यायाचे वाटते, कारण वस्तू वापरणाऱ्याचे खाते त्यामुळे आयतेच स्वच्छ दिसते.